सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक
मुक्त संगणक-साधनांच्या माहितीपुस्तिका कशा असाव्यात?

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या शाळेची संगणक खोली डोळ्यांपुढे आणा. सात-आठ जुनी यंत्रे, त्यांवर विनामूल्य मिळणारे लिनक्स. धड्यांच्या चित्रफिती एकाच यंत्रात साठवलेल्या आहेत आणि बाकीच्या यंत्रांनी त्याला आकडेमोडीच्या पत्त्याऐवजी सोप्या नावाने ओळखावे, एवढीच गुरुजींची इच्छा आहे. त्यासाठी प्रत्येक यंत्रातील ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवायची: आधी पत्ता, मग नाव. काम दोन मिनिटांचे आहे. पण ते कसे करायचे हे समजेल अशा रीतीने कुठे लिहिलेले नसेल, तर अकोल्याहून कोणी जाणकार येईपर्यंत खोलीला कुलूप राहते. माहितीपुस्तिका चांगली की वाईट, या प्रश्नाचा अर्थ इतका साधा आहे.

लिनक्समधील बहुतेक मांडणी अशा साध्या मजकुराच्या फाइलींत असते. अडचण ही की प्रत्येक फाइलीचे व्याकरण वेगळे. कुठे बरोबरचे चिन्ह, कुठे अपूर्णविराम, कुठे नुसती मोकळी जागा. ‘होस्ट्स’मध्ये चूक झाली तर एखादे यंत्र सापडत नाही, ‘एफएसटॅब’मध्ये झाली तर यंत्र सुरू होतानाच अडखळते.

या गोंधळावर उपाय म्हणून रेड हॅटमधील डेव्हिड लुटरकोर्ट यांनी ‘ऑजियस’ हे मुक्तस्रोत साधन घडवले. ग्रीक कथेतील ज्या राजाचा तबेला वर्षानुवर्षे साफ झाला नव्हता, त्याचे हे नाव. ऑजियस फाइल वाचून तिचे झाड करते: खोड, फांद्या, पाने. आपण हवे ते पान बदलायचे. ऑजियस तो बदल मूळ फाइलीत नेमका त्याच जागी उतरवते आणि आधी कोणी लिहून ठेवलेले शेरे, मोकळ्या जागा यांना हात लावत नाही. हे काम जो भाग करतो त्याला ‘लेन्स’, म्हणजे भिंग, म्हणतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधनातून आलेली ही कल्पना आहे. या भिंगातून दोन्ही बाजूंनी दिसते: मजकुरातून झाड, आणि झाडातून पुन्हा मजकूर.

साधन उत्तम आहे. आता गुरुजींच्या जागी बसून पाहू. पुस्तिका सांगते: ‘सेट’ आज्ञेने पानाला किंमत देता येते, ‘सेव्ह’ने बदल फाइलीत जातो. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण झाडात ‘होस्ट्स’च्या नोंदींना 1, 2, 3 असे क्रमांक असतात आणि नवी नोंद करण्याच्या उदाहरणात क्रमांक दिसतो 01. हे शून्य कशासाठी? कारण सोपे आहे. नव्या नोंदीचे नाव आधीच्या कुठल्याही क्रमांकाशी जुळू नये. 01 हे 1 पेक्षा वेगळे नाव ठरते आणि फाइल पुन्हा वाचली की तिला आपोआप पुढचा क्रमांक मिळतो. कारण न सांगता नुसते उदाहरण दिले, तर वाचक ते शून्य छपाईची चूक समजून गाळतो आणि पहिल्याच जुन्या नोंदीवर नवा पत्ता लिहून बसतो.

दुसरी अडचण याहून फसवी. फांदीचे नाव चुकीचे लिहिले तरी ‘सेट’ तक्रार करत नाही. ती नवी फांदी फुटली असे मानते. नाव आधी आणि पत्ता नंतर दिला तरी ती गप्प. चूक उघड होते ती ‘सेव्ह’ म्हटल्यावर, कारण भिंगाला त्या झाडातून मजकूर करता येत नाही. म्हणजे चूक एका ठिकाणी आणि ओरड दुसऱ्या ठिकाणी. अशा वेळी घाबरलेल्या माणसाला तीन गोष्टी आधी कळायला हव्यात: भिंगाने नाकारलेली फाइल जशीच्या तशी राहते, नकाराचे कारण ‘ऑजियस’ नावाच्या वेगळ्या फांदीवर नोंदलेले असते, आणि सुरुवातीलाच तसा पर्याय दिला तर बदलापूर्वीची प्रत ‘ऑगसेव्ह’ हे शेपूट लावून जपली जाते. ही तीन वाक्ये पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हवीत.

यासाठी नमुना शोधायला फार लांब जायला नको. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील केसोबासांनी ‘दृष्टांतपाठ’ रचला. त्यात 114 दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाचे तीन भाग: सूत्र, म्हणजे चक्रधरांचे वचन, दृष्टांत, म्हणजे त्यांनी सांगितलेली गोष्ट, आणि दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट त्या सूत्राला कशी लागू पडते याचे केसोबासांनी केलेले विवरण. संगणकाच्या पुस्तिका सूत्रावर थांबतात. बऱ्या असतील तर दृष्टांत देतात. शून्य का, क्रम का, नकार आला तर काय, हे सांगणारे दार्ष्टांतिक मात्र राहून जाते.

भाषेचा प्रश्नही तिथेच सुटलेला आहे. केसोबासांचा ओढा संस्कृत रचनेकडे होता. नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले, ते पंथातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील म्हणून, अशी आठवण ‘स्मृतिस्थळा’त आहे. आज संस्कृतच्या जागी इंग्रजी आहे, एवढाच फरक. मराठी पुस्तिका लिहिताना ‘सेव्ह’, ‘फाइल’ हे रुळलेले शब्द तसेच ठेवावेत. पडद्यावर जे दिसते तेच कागदावर असावे. मराठी हवी ती कारण सांगताना.

उणिवा कबूल करण्याची परंपराही जुनीच. 3 नोव्हेंबर 1971 या तारखेच्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेच्या वर्णनात दोषांसाठी वेगळा मथळा होता. ऑजियसच्या भिंगांसोबतही चाचण्या असतात: अमुक मजकूर दिला तर अमुक झाड झाले पाहिजे. पुस्तिकेतील प्रत्येक उदाहरणही असेच दर नव्या आवृत्तीला चालवून पाहावे. न चालणारे उदाहरण हे उदाहरण नसण्यापेक्षा वाईट.

साधन घडवणाऱ्याला मात्र अडखळण्याच्या जागा दिसत नाहीत; तो त्या कधीच ओलांडून गेलेला असतो. त्या दिसतात पहिल्यांदा वापरणाऱ्याला, आणि तेही पहिल्या एक-दोन दिवसांतच. नंतर तोही सरावतो. मुक्तस्रोत साधनांची पुस्तिका कोणालाही सुधारता येते, आणि त्यासाठी प्रोग्राम लिहिता यावा लागत नाही. संग्रामपूरच्या गुरुजींनी एका वहीत कुठे अडलो, काय वाटले होते आणि खरे काय निघाले, एवढे तीन रकाने भरले आणि ते पुस्तिका सांभाळणाऱ्यांकडे पोचले, तर भिंग दोन्ही बाजूंनी काम करू लागेल. मग पुढच्या गावच्या शाळेत त्या शून्यापाशी कोणी थांबणार नाही.