केंटकीचा शर्यतीचा अश्व आणि प्रादेशिक अभिमान

अमेरिकेतील केंटकी राज्याचा लेक्सिंग्टनभोवतालचा भूभाग 'ब्लूग्रास' म्हणून ओळखला जातो. थरोब्रेड अश्वांची पैदास हा तेथील प्रादेशिक अभिमानाचा गाभा होय. चुनखडीच्या खडकातून झिरपणारे पाणी व कॅल्शियमयुक्त चारा यांमुळे घोड्याचे हाड बळकट होते, असे तेथे परंपरेने मानले जाते. परंतु ज्या गवतावरून प्रदेशास नाव मिळाले ते मूळचे युरोपातील. थरोब्रेड वंशही इंग्लंडमध्ये, पूर्वेकडून आणलेल्या नर घोड्यांपासून घडला. मग स्थानिक असे काय उरते? खडक, आणि घोडा घडविणारी माणसे.

नेमकी ही माणसेच या अभिमानकथेतून दीर्घकाळ वगळली गेली. यादवी युद्धापूर्वी तबेल्यांतील निगा व स्वारी बव्हंशी कृष्णवर्णीय गुलामांकडे असे. १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बीतील १५ जॉकींपैकी १३ कृष्णवर्णीय होते. विजेत्या ॲरिस्टिडीसचा जॉकी ऑलिव्हर लुईस कृष्णवर्णीय होता आणि प्रशिक्षक ॲन्सेल विल्यमसन तर जन्माने गुलाम. १९०२ पर्यंतच्या २८ डर्बींपैकी १५ कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या. पुढे वर्णभेदामुळे त्यांना स्वारीच मिळेनाशी झाली. १९०१ व १९०२ चा विजेता जिमी विंकफिल्ड रशियास गेला.

घोड्यांच्या वंशावळी मात्र या सर्व काळात काटेकोरपणे नोंदल्या जात होत्या. तीन डर्बी जिंकणारा आयझॅक मर्फी १८९६ मध्ये निवर्तला. त्याच्या विस्मृत कबरीचा शोध अनेक दशकांनंतर लागला. आज त्याची समाधी केंटकी हॉर्स पार्कमध्ये, 'मॅन ओ' वॉर' या विख्यात घोड्याच्या समाधीजवळ आहे.