चित्राशी चित्र जुळविणे : गुणवत्तामापनाची पूर्वअट

पाठसंशोधनात एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या ताडून पाहतात, हे आपण जाणता. समजा, नक्कल करताना लेखनिकाकडून तिसरी ओवी गळाली. आता दोन्ही पोथ्यांतील ओव्या केवळ क्रमांकाने समोरासमोर ठेवल्या, तर तेथून पुढे प्रत्येक ओवीत पाठभेद दिसेल आणि लेखनिक अगदीच बेभरवशाचा ठरेल. वास्तविक त्याची चूक एकच आहे. म्हणून ताडण्यापूर्वी कशासमोर काय ठेवावयाचे, हे निश्चित करावे लागते. या कृतीला संरेखन म्हणतात.

दूरचित्रवाणीच्या अंकीय चित्राबाबतही हाच प्रश्न उद्भवतो. मूळ चित्र संक्षेपित करून पाठवितात आणि घरच्या यंत्रात ते पुन्हा उलगडते. या प्रवासात ते किती बिघडले, हे मोजण्याचा जुना व सोपा मार्ग असा : मूळ चित्रातील प्रत्येक चित्रबिंदूचे, म्हणजे पिक्सेलचे, तेजमूल्य घ्यावयाचे, मिळालेल्या चित्रातील त्याच जागच्या बिंदूच्या मूल्याशी त्याची वजाबाकी करावयाची, आणि फरकांच्या वर्गांची सरासरी काढावयाची. २५५ च्या वर्गाला या सरासरीने भागून येणाऱ्या संख्येचा दशमान लघुगणक दहाने गुणला की डेसिबलमधील गुणांक मिळतो. गुणांक जितका मोठा, तितके चित्र मुळाला जवळचे. ‘त्याच जागच्या’ हे शब्द सहज वाचून पुढे जावे असे वाटतात. सगळी अडचण त्यांतच आहे.

तेजमूल्ये ० ते २५५ अशी धरू. एका चित्रात उभे पट्टे आहेत. प्रत्येक ओळीत ५०, ५०, २००, २०० ही मूल्ये पुनःपुन्हा येतात. मिळालेले चित्र निर्दोष आहे, फक्त एका बिंदूने उजवीकडे सरकले आहे. निम्म्या बिंदूंवर १५० चा फरक पडतो, वर्गांची सरासरी ११,२५० होते आणि गुणांक सुमारे ७.६ डेसिबल येतो. आता दुसऱ्या यंत्राने पट्टे पुसून टाकून सर्वत्र १२५ मूल्याचा सपाट करडा रंग दिला, असे माना. येथे प्रत्येक बिंदूवर फरक ७५, वर्गांची सरासरी ५,६२५ आणि गुणांक सुमारे १०.६. म्हणजे चित्र नष्ट करणारे यंत्र सरस, आणि ते जसेच्या तसे पोहोचविणारे मागे! उदाहरण मुद्दाम टोकाचे घेतले आहे, पण कल खरा आहे : जुळवणी चुकली की धूसर चित्राला अवाजवी लाभ मिळतो. अशा आकड्यावर विसंबून यंत्रसामग्री निवडली, तर त्याचे फळ प्रेक्षकाला भोगावे लागते. सर्वच यंत्रांना सारखी सरक आहे, तेव्हा तुलना न्याय्यच होईल, असेही म्हणता येत नाही. निरभ्र आकाशासारख्या भागात, जेथे मूल्य दर बिंदूला एकानेच बदलते, तेथे एवढ्याच सरकेने गुणांक सुमारे ४८ येतो. सरकेचा दंड चित्रातील तपशिलाप्रमाणे बदलतो.

जुळवणी प्रथम काळात करतात. भारतात व युरोपच्या बऱ्याच भागात रूढ झालेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेम मागील फ्रेमहून किती बदलली याचा आलेख दोन्ही चित्रणांसाठी काढून एकमेकांवर सरकविला की विलंब कळतो. निवेदक निश्चल बसला असेल, तर आलेखात चढउतारच नसतात आणि काही हाती लागत नाही. मग जागेची जुळवणी : एक चित्र दुसऱ्यावर आडवे-उभे सरकवून फरक कोठे सर्वांत कमी होतो, ते शोधतात. चौकडीच्या लुगड्यासारखी नक्षी येथे चकविते. एक घर सरकल्यावरही ती जुळल्यासारखीच दिसते. एकंदर उजळपणातील स्थिर फरक शेवटी काढून टाकतात.

सरक पूर्ण बिंदूंचीच असते असे नाही. चित्र वाटेत ॲनालॉग होऊन पुन्हा अंकीय झाले, तर ते बिंदूच्या अंशानेही ढळू शकते. किमान फरकाच्या आसपासच्या तीन मूल्यांतून अन्वस्त वक्र काढून हा अंश अजमावता येतो. परंतु चित्र अंशाने सरकवावयाचे म्हणजे शेजारच्या बिंदूंची मूल्ये मिसळावयाची, आणि मिसळली की चित्र थोडे धूसर होते. मोजण्याची तयारीच मोजावयाची वस्तू बदलते. मिसळण्याचे सूत्र काळजीपूर्वक निवडावे आणि अहवालात नमूद करावे, हेच इष्ट.

माझ्या मते या विषयातील अवघड प्रश्न गणिताचा नाही, तर कोणता फरक क्षम्य धरावयाचा हा आहे. ‘अंक’ आणि ‘अंत’ यांतील अनुनासिके उच्चाराने भिन्न आहेत, पण त्या भिन्नतेने अर्थभेद होत नसल्याने आपण त्यांना एकाच स्वनिमाची रूपे मानतो. तसेच, सबंध चित्र कायम एका बिंदूने सरकलेले असेल, तर प्रेक्षकाला ते जाणवत नाही. ती सरक वगळणे न्याय्य. तीच सरक दर फ्रेमला बदलू लागली, तर चित्र थरथरते. प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे जुळविणारी संगणकप्रणाली ही थरथर पुसून यंत्राला निर्दोष ठरवील. सबंध कार्यक्रम, ध्वनीसह, तीन फ्रेम उशिरा येणे हा चित्राचा दोष नव्हे. मध्येच तीन फ्रेम गोठणे हा दोष आहे. १९९७ मध्ये इटलीतील तूरिन येथे स्थापन झालेल्या ‘व्हिडिओ क्वालिटी एक्स्पर्ट्‌स ग्रुप’ने विविध मापनसूत्रे प्रेक्षकांच्या अभिप्रायाशी ताडून पाहिली. त्याच्या पहिल्या फेरीत स्थिर सरक, विलंब व पातळीभेद आधीच काढून टाकले होते, ते याच विवेकाने.

स्वाध्याय : वरील पट्ट्यांचे चित्र दोन बिंदूंनी सरकले, तर फरकांच्या वर्गांची सरासरी किती येईल? चार बिंदूंनी सरकले, तर किती? दुसऱ्या उत्तराचा लुगड्याच्या उदाहरणाशी असलेला संबंध चार-पाच वाक्यांत लिहा.