पीक एकाचं, मदत दुसऱ्याला

सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीनं माढा, मोहोळ, परांड्याकडची शिवारं खरवडून नेली. त्यानंतर गावोगावी एकच विचारणा होती: हेक्टरी किती? ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण शेतकऱ्याच्या कामाचे आकडे त्याच्या पोटात होते. कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, वर रब्बीच्या तयारीसाठी १०,०००. मर्यादा तीन हेक्टर. पहिले तिन्ही दर केंद्राच्या आपत्ती निकषांतले. तिथं मर्यादा दोनच हेक्टरची आहे.

८,५०० रुपये म्हणजे गुंठ्याला ८६. सोयाबीनची बॅग, खत, फवारणी, मजुरी यांचा हिशेब इथं मांडायची गरज नाही. पण हा दर गेलेल्या मालाची किंमत म्हणून ठरवलेलाच नाही; पुढची पेरणी उभी राहावी, एवढाच त्याचा हेतू. मालाची भरपाई विम्यानं करायची. तर विम्यात त्याच खरिपापासून स्थानिक आपत्तीची भरपाई बंद झाली आणि सगळा भार पीक कापणी प्रयोगावर आला. वेळही अशी साधली!

दर कमी, हे सगळेच बोलतात. मला त्याहून खटकते ती मदतीची वाट. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर नाव यादीत. तहसीलमधून यादी पोर्टलवर चढते, व्हीके नंबर म्हणजे विशिष्ट क्रमांक पडतो, सेवा केंद्रात अंगठा लावून केवायसी होते (फार्मर आयडी असलेल्यांना ती २०२५मध्ये माफ केली), मग आधारशी जोडलेल्या खात्यात पैसे. ही रक्कम कर्जात वळती करू नका, असं शासन निर्णयात बँकांना दरवेळी बजावलेलं असतं. दरवेळी बजावावं लागतं, यातच काय ते आलं.

ही सगळी वाट सातबाऱ्यावरून निघते. वडील वारले, वारस नोंद राहिली, तर पैसे अडकले. सामायिक खातं असेल तर भावांची संमतीपत्रं आणा; बांधावरून बोलणं बंद असलं तरी आणा. आणि ज्याचं नाव कुठंच नाही तो बटईदार. बियाणं त्यानं उसनवारीनं आणलं, चिखलात तो उतरला, पंचनाम्यालाही तोच हजर होता. पैसे मात्र पुण्यात नोकरी करणाऱ्या मालकाच्या खात्यात. मालक समजूतदार असेल तर निम्मे देतो. हा व्यवहार तोंडीच राहतो, कारण लिहून दिलं तर कूळ लागेल, ही मालकाची जुनी धास्ती. ती निराधार आहे, असं मी म्हणणार नाही. कूळ कायद्यात जमिनी गेलेली घरं प्रत्येक तालुक्यात आहेत.

आंध्र प्रदेशनं २०१९मध्ये यावर कायदा केला. कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड मिळतं, जमिनीच्या मालकीला धक्का लागत नाही आणि मदत, विमा, पीककर्ज कार्डावर मागता येतं. अट एकच, मालकाची संमती. तिथले दुसऱ्याची जमीन कसणारे पुष्कळ शेतकरी अजूनही कार्डाविना आहेत, ते त्या एका सहीपायी.