ब्लाइंड, चाल आणि शो : तीन पत्तीचे अंकगणित

मुंबईकरांना भातसानगर ठाऊक असते ते नळाच्या पाण्यामुळे. भातसा धरणालगतची ही वसाहत आणि भोवतालचा शहापूर-मुरबाडचा पट्टा गणेशोत्सवात मात्र शहरातून परतलेल्या मंडळींनी गजबजतो. आसनगावला लोकलमधून उतरून गाव गाठायचे, आरती-भजन उरकायचे आणि जागरणासाठी पत्त्यांचा कॅट काढायचा, हा अनेक घरांचा परिपाठ. मेंढीकोट, बदाम सात किंवा रमी बहुतेकांना लहानपणापासून येत असते. तीन पत्तीला बसलेला नवखा मात्र गोंधळतो, कारण येथे पत्ता टाकायचा नसतो आणि उचलायचाही नसतो. हलतात ते केवळ पैसे.

पोकरचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या ‘ब्रॅग’ या इंग्रजी खेळाचे हे भारतीय रूप. प्रत्येकाला तीन पाने मिळतात आणि पानांच्या सहा पायऱ्या असतात. तीनही पाने सारखी असली की ‘ट्रेल’. त्याखाली एकाच रंगाची ओळीतली तीन पाने, मग वेगवेगळ्या रंगांची ओळ, मग नुसता कलर, मग जोडी आणि शेवटी सर्वात मोठे पान. पोकर जाणणारा येथे हमखास अडखळतो. पाच पानांच्या पोकरमध्ये कलर ओळीला हरवतो. तीन पत्तीत उलट. कारण साधे आहे. ५२ पत्त्यांतून तीन पाने २२,१०० प्रकारे निघतात. त्यांत साधी ओळ ७२० वेळा येते, तर नुसता कलर १,०९६ वेळा. जे दुर्मीळ ते वरचे, हा पोकरचाच नियम येथेही चालतो. अपवाद एकच. ट्रेल ५२ प्रकारे जमतो आणि एकरंगी ओळ ४८ प्रकारे, म्हणजे ओळ किंचित अधिक दुर्मीळ; तरीही मान ट्रेललाच.

ओळींमध्ये एक्का-राजा-राणी पहिली, आणि बहुतेक ठिकाणी एक्का-दुर्री-तिर्री दुसरी धरली जाते. राजा-राणी-गुलाम तिच्यापुढे हरतो, हे नवख्याला विचित्र वाटते. ब्रॅगमध्ये एक्का-दुर्री-तिर्री हीच सर्वात वरची ओळ असते, त्याची ही खूण असावी.

खरा खेळ यानंतर सुरू होतो. आरंभी प्रत्येकजण ठरलेली रक्कम, म्हणजे ‘बूट’, मध्ये टाकतो. पुढे आपली पाने पाहायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. न पाहता खेळणारा ‘ब्लाइंड’, पाहून खेळणारा ‘सीन’. ब्लाइंडने चालू दराइतकी किंवा त्याच्या दुप्पट रक्कम टाकायची. सीनने दराच्या दुप्पट ते चौपट. बूट ५ रुपयांचा असेल, तर पाने पाहिलेल्याची चाल किमान १० आणि कमाल २० रुपयांची. त्याने २० टाकले की दर १० होतो, आणि पुढच्या ब्लाइंडला १० रुपयांत निभावता येते. न पाहणाऱ्याला निम्म्या दराची ही सवलत म्हणजे खेळाचे मर्म. पाने पाहून मिळालेल्या ज्ञानाची किंमत प्रत्येक चालीला मोजावी लागते.

पाने हलकी वाटली तर ‘पॅक’ करून बाहेर पडता येते. आधी टाकलेले पैसे अर्थात जातात. सीन खेळाडू आपली चाल भरून आधीच्या सीन खेळाडूकडे ‘साइड शो’ मागू शकतो. त्याने मान्य केल्यास दोघांनी गुपचूप पाने पाहायची आणि हलक्या पानांच्या धन्याने पॅक व्हायचे. शेवटी दोघेच उरले की ‘शो’. पाने अगदी बरोबरीची निघाली, तर शो मागणारा हरतो. ब्लाइंडसमोर सीनला शो मागण्याची मुभा बऱ्याच ठिकाणी नसते. हे तपशील गावोगाव बदलतात, तेव्हा बूट टाकण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे.

हातात काय येईल, याचा अंदाजही हवा. शंभरातील सुमारे ७४ वेळा जोडीसुद्धा मिळत नाही. तरी पाच जण बसले असता कोणाकडेच जोडी किंवा त्याहून मोठे काही नाही, असे चारात एकदाही घडत नाही. एकट्या एक्क्याच्या भरवशावर चाल वाढवणाऱ्याचा घात येथेच होतो.

कायद्याची दृष्टीही स्पष्ट आहे. महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. निव्वळ कौशल्याचे खेळ त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. आंध्र प्रदेशातील एका खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले; तसे करताना तीन पत्त्यांच्या खेळाला मात्र सर्वस्वी नशिबाच्या पंगतीत बसवले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदही संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पुसला. तेथे कौशल्य असो वा नशीब, बंदीच आहे.

शिकण्यासाठी चिंचोके पुरतात. दोघांना शंभर-शंभर द्यावेत, बूट एका चिंचोक्याचा ठेवावा आणि दोघांनीही पाने पाहून दर वेळी कमाल चाल करावी. पहिला ४ टाकतो, दुसरा ८, मग १६, ३२, ६४. दुसऱ्याची तिसरी पाळी येते, तेव्हा त्याला किमान ६४ चिंचोके हवे असतात आणि त्याच्यापाशी उरलेले असतात ५९.