पाठवलेला ई-मेल परत येतो का?

समजा तुम्ही अकरावीच्या प्रवेशासाठी एका महाविद्यालयाला ई-मेल लिहिला. सोबत गुणपत्रिका जोडली आणि पाठवण्याचे बटण दाबले. तेवढ्यात लक्षात आले, की गुणपत्रिका आपली नाही, थोरल्या भावाची आहे! आता काय करावे? गेलेला ई-मेल परत बोलावता येतो का?

जीमेल वापरत असाल, तर पडद्याच्या खालच्या बाजूला एक काळी पट्टी दिसते. तिच्यावर 'अनडू' असा शब्द असतो. तो दाबला, की पत्र पुन्हा तुमच्यासमोर उघडते. ही सोय २००९ साली प्रयोग म्हणून सुरू झाली आणि २०१५ साली सर्वांना मिळाली. पण यात एक गंमत आहे. पत्र परत आलेले नसते. ते गेलेलेच नसते. जीमेल ते काही सेकंद स्वतःजवळ थांबवून ठेवते. पत्र घेऊन निघालेला धाकटा भाऊ अजून दारात चपला घालत आहे, असे समजा. हाक मारली, तर तो थांबेल. गल्लीच्या टोकापलीकडे गेला, की हाक ऐकू जाणार नाही.

ही मुदत मुळात फक्त ५ सेकंदांची असते. एवढ्या वेळात माणसाचा चष्मासुद्धा सापडत नाही! म्हणून संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती ३० सेकंद करून घ्यावी. पानाच्या तळाशी बदल जतन करावा लागतो. पुष्कळजण नेमके तेच विसरतात.

मुदत संपली, की तुमच्या कंपनीचा सर्व्हर ते पत्र समोरच्याच्या सर्व्हरकडे सोपवतो. हे सोपवण्याचे नियम १९८२ साली ठरले. त्यांना एसएमटीपी म्हणतात. पत्र कसे द्यावे, कसे घ्यावे, हे त्यांत आहे. दिलेले पत्र परत मागण्याची आज्ञा मात्र त्यांत नाही. शिवाय कागदाचे पत्र एकच असते, ई-मेलची नक्कल जाते. म्हणून तुम्ही 'सेंट'मधील आपली प्रत पुसली, तरी समोरच्याची प्रत जशीच्या तशी राहते.

तुम्ही म्हणाल, "व्हॉट्सॲपवर तर संदेश दोन्हीकडून पुसता येतो!" खरे आहे. ही सोय २०१७ साली आली. पण तेथे पाठवणारा आणि घेणारा, दोघेही एकाच कंपनीचे ॲप वापरतात. त्यामुळे कंपनीची आज्ञा दोन्ही फोन पाळतात. ई-मेलचे तसे नाही. तुमचा पत्ता एका कंपनीचा, महाविद्यालयाचा दुसऱ्या कंपनीचा. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये 'रिकॉल' नावाची सोय आहे, पण ती एकाच संस्थेच्या आतल्या पत्रांपुरती चालते. बाहेर गेलेले पत्र तिच्याने परत येत नाही.

उर्दूत आपण कमानीतून सुटलेल्या तिराविषयी बोलतो, मराठीत धनुष्यातून सुटलेल्या बाणाविषयी. येथे मात्र दुसरा बाण लगेच सोडता येतो. महाविद्यालयाला ताबडतोब दुसरा ई-मेल लिहा. विषयाच्या ओळीत 'दुरुस्ती' हा शब्द घाला, चूक एका वाक्यात सांगा आणि योग्य गुणपत्रिका जोडा. समोरच्याचा पत्ता मात्र सर्वांत शेवटी लिहा. पत्ताच नसेल, तर चुकून बटण दाबले तरी पत्र जागचे हलत नाही.