इवल्याशा रोधकाचे मोल

विजेच्या सुट्या भागांच्या दुकानात रोधक नावाची एक लहानशी वस्तू मिळते. व्यवहारात तिला रेझिस्टर असे म्हणतात. साधा रोधक तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना तारा आणि अंगावर रंगीत पट्टे असतात. विजेच्या प्रवाहाला ठराविक प्रमाणात अडथळा करणे, एवढेच त्याचे काम. असा एक रोधक रुपया-दोन रुपयांत, किंबहुना त्याहूनही स्वस्तात मिळतो. परंतु उत्तम संगीत ऐकवणाऱ्या काही यंत्रांत जे रोधक बसवतात, त्यांतील एकेकाची किंमत शेकडो रुपये, क्वचित हजार रुपयांहूनही अधिक असते. दोघांचे काम एकच असताना किमतीत एवढे अंतर का पडावे?

याचे उत्तर ध्वनीच्या प्रवासात सापडते. ध्वनिमुद्रिका फिरू लागली म्हणजे तिच्या खाचेतून जाणारी सुई कंप पावते आणि त्या कंपांपासून वीज उत्पन्न होते. काही उत्तम प्रतीच्या सुयांपासून मिळणारा विद्युत्‌दाब एका व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. हा क्षीण संकेत अ‍ॅम्प्लिफायर नावाच्या यंत्राने हजारो पटींनी वाढवावा लागतो. तेव्हा कोठे कर्ण्यातून गाणे ऐकू येते. मात्र गायकाचा स्वर कोणता आणि यंत्रातील खरखर कोणती, हा भेद अ‍ॅम्प्लिफायरला कळत नाही. तो दोन्ही सारखेच वाढवतो. दळणात खडा गेला तर तो पिठात उतरणारच. तसेच हे आहे. म्हणून ज्या पहिल्या टप्प्यात संकेत अगदी दुबळा असतो, तेथील प्रत्येक भाग निर्दोष असावा लागतो.

रोधकात दोष येतात तरी कोठून? पूर्वी रोधक करताना कार्बनची पूड चिकट द्रव्यात कालवून दाबून बसवीत. अशा रोधकातून प्रवाह जाताना कणाकणांतील स्पर्श क्षणोक्षणी बदलतो आणि खरखर उत्पन्न होते. आजच्या स्वस्त रोधकांत चिनी मातीच्या कांडीवर कार्बनचा पातळ थर दिलेला असतो. त्यांत खरखर पुष्कळ कमी असते, पण ती अगदी नाहीशी होत नाही. शिवाय १००० ओहमचा म्हणून विकला जाणारा साधा रोधक प्रत्यक्षात ९५० पासून १०५० ओहमपर्यंत कितीही असू शकतो. तो तापला म्हणजे हे मानही बदलते. डाव्या आणि उजव्या कर्ण्याकडे जाणाऱ्या मार्गांतील रोधक असे असमान असले, तर दोन्हीकडचा आवाज तंतोतंत सारखा राहत नाही.

हे दोष दूर करणारा एक रोधक फेलिक्स झँडमन या शास्त्रज्ञाने शोधून काढला. त्याचे बालपण त्या वेळच्या पोलंडमधील ग्रोद्नो या गावी गेले. दुसऱ्या महायुद्धात नाझी सैन्याने तेथील ज्यू लोकांची कत्तल केली आणि त्याचे बहुतेक सारे कुटुंब नाहीसे झाले. पुहाल्स्की नावाच्या एका गरीब कुटुंबाने मात्र स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला आणि आणखी काही जणांना आपल्या घराच्या जमिनीखालील खड्ड्यात लपवले. तेथे या मुलाने १७ महिने काढले. त्या काळोखात त्याच्या मामाने त्याला गणित शिकवले. युद्ध संपल्यावर तो फ्रान्समध्ये शिकला. ताण पडल्यावर पदार्थांत काय बदल होतात, हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. पुढे अमेरिकेत जाऊन १९६२ साली त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि लिथुएनियातील आपल्या पूर्वजांच्या खेड्यावरून त्याचे नाव 'विशे' असे ठेवले.

झँडमनची युक्ती मोठी मार्मिक होती. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ वर्ख त्याने चिनी मातीच्या तुकड्यावर घट्ट चिकटवला. उष्णता वाढली म्हणजे त्या धातूचा रोध वाढू पाहतो. पण धातू जितका प्रसरण पावू इच्छितो, तितकी खालची चिनी माती प्रसरण पावत नाही. त्यामुळे वर्ख दाबला जातो आणि त्या दाबाने त्याचा रोध कमी होतो. एका कारणाने जेवढी वाढ, दुसऱ्या कारणाने जवळजवळ तेवढीच घट! वर्ख अखंड धातूचा असल्याने त्यात खरखरही अगदी थोडी होते.

असा रोधक तयार करणे हे मोठ्या चिकाटीचे काम आहे. वर्खावर रसायनाने कोरून प्रवाहासाठी बारीक नागमोडी वाट काढतात. तिच्यात मुद्दाम काही आडवे दुवे ठेवलेले असतात. रोध मोजत मोजत एकेक दुवा तोडला म्हणजे वाट लांबत जाते आणि रोध हवा तितका होतो. अशा रीतीने १००० ओहमच्या रोधकातील चूक एका ओहमच्या दहाव्या भागाच्या आत आणता येते. त्यानंतर तपासणी होते. साधे रोधक कोट्यवधींच्या संख्येने निघतात, म्हणून यंत्रांचा आणि मजुरीचा खर्च प्रत्येकावर नगण्य पडतो. नेमके रोधक त्या मानाने फार थोडे लागतात आणि खर्चाचा मोठा वाटा एकेकाच्या माथी येतो.

तथापि, पैशाच्या सामर्थ्यालाही सीमा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन्सन या शास्त्रज्ञाने १९२८ साली असे प्रसिद्ध केले की, प्रत्येक रोधकात उष्णतेमुळेच एक सूक्ष्म खरखर सदैव चालू असते. त्याच वर्षी त्याचा सहकारी नायक्विस्ट याने तिचे गणित मांडले. ही खरखर रोधाचे मान आणि तापमान यांवर अवलंबून असते; रोधक कशाचा केला आहे, यावर नव्हे. तापमान सारखे असेल, तर एक रुपयाच्या आणि हजार रुपयांच्या १००० ओहमच्या रोधकांत ती अगदी सारखीच असते. सोन्याचा मुलामा देऊनही ती टळत नाही.

म्हणूनच केवळ किमतीवरून वस्तूची योग्यता ठरवणे शहाणपणाचे नव्हे. काही वस्तूंची किंमत श्रमामुळे आणि नेमकेपणामुळे वाढते, तर काहींची नुसत्या डौलामुळे. खरे काय ते मोजमापाने कळते. किंवा कोणता भाग जोडला आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता, केवळ कानांनी परीक्षा घेतल्यास कळते. जाणता यंत्रज्ञ संकेत क्षीण असतो तेथे मौल्यवान रोधक बसवतो. जेथे तो सबळ झालेला असतो, तेथे रुपयाच्या रोधकावरही त्याचे काम भागते.