घाट उतरण्याआधी

सिंहगडावरून सायकलने खाली येताना किती उष्णता तयार होते, याचा हिशेब सोपा आहे. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन धरा आणि उतार 500 मीटरचा. एवढ्या उंचीवरून उतरताना सुमारे 390 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. नळाचं सव्वा लिटर पाणी उकळीला आणायला ती पुरेल. त्यातला काही वाटा वारा खातो. पण अरुंद वळणांवर समोरून गाड्या येत असतात, सायकल मोकळी सोडून चालत नाही, आणि मग उरलेली धग ब्रेकला पोटात घ्यावी लागते. डोंगरातल्या सायकलीचा ब्रेक निवडताना मी आधी हा हिशेब आठवतो. दुकानाच्या दारात सायकल चार फूट ढकलून ब्रेक दाबून पाहिल्याने त्याबद्दल काहीच कळत नाही.

माउंटन बाइकचा इतिहाससुद्धा तापलेल्या ब्रेकशी जोडलेला आहे. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटेवर शर्यती लावू लागले. वाट तीनएक किलोमीटरची, उतार सुमारे 400 मीटरचा. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबलं की लागणारा. तळाशी पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. हे पुन्हा भरणं म्हणजे ‘रीपॅक’. त्या उताराला तेच नाव पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी तिथलीच. ब्रीझने 1977 मध्ये खास डोंगरासाठी सायकल बांधायला घेतली.

आपल्याकडे साध्या सायकलींना रिमवर रबर दाबणारे व्ही-ब्रेक असतात. कोरड्या दिवसांत ते उत्तम. वजनाला हलके, केबलवर चालणारे, गल्लीतल्या कोणत्याही सायकलवाल्याला दुरुस्त करता येणारे. पावसात मात्र गोष्ट बदलते. एका आषाढात घाट उतरताना दोन्ही लिव्हर करकचून दाबूनही माझी सायकल तशीच पळत राहिली. रबराने आधी रिमवरचं पाणी पुसलं आणि मग चाक धरलं. मधले ते क्षण मला अजून आठवतात. चिखलाचा त्रास वेगळा. त्यातली वाळू रबरात रुतते आणि कानशीसारखी रिम घासत राहते. फार झिजलेली रिम टायरच्या हवेच्या दाबानेच फाटू शकते.

डिस्क ब्रेकची चकती चिखलापासून वर, हबजवळ असते आणि तिची धग टायरपर्यंत जात नाही. म्हणून डोंगरासाठी डिस्कच घ्यावी, पण नुसत्या नावावर जाऊ नये. स्वस्त सायकलींवरच्या केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो आणि तो चकतीला वाकवून दुसऱ्या पॅडवर टेकवतो. तो स्थिर पॅड झिजला की आतल्या बाजूचा स्क्रू फिरवून पुढे घ्यावा लागतो. सायकल विकताना हे कुणी सांगत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत ‘ब्रेक गेला’ म्हणून लोक हताश होतात. माझं मत स्पष्ट आहे: हात आखडता असेल तर असल्या डिस्कपेक्षा चांगला व्ही-ब्रेक घ्या, आणि थोडे जास्त पैसे असतील तर हायड्रॉलिक डिस्क. ती एका बोटाने लागते. लांब उतारावर बोटं आखडून येणं हा मोठा धोका असतो, तो टळतो.

हायड्रॉलिकमध्ये केबलऐवजी द्रव असतो, आणि कोणता, हे घेतानाच विचारून ठेवावं. शिमानो आणि मगुरा खनिज तेल वापरतात, स्रॅमच्या अनेक ब्रेकमध्ये डॉट द्रव असतो. एकाच्या जागी दुसरा भरला तर आतली रबरी सीलं फुगून ब्रेक निकामी होतो. डॉट द्रव हवेतला ओलावा शोषतो. नव्या डॉट 5.1 चा उत्कलनबिंदू किमान 260 अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा 180 अंशांची. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या सायकलीला हा फरक मोलाचा आहे, कारण द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात आणि लिव्हर थेट हँडलला टेकते. असा द्रव वर्षातून एकदा बदलावा. पावसाळा संपल्यावर बदलला तर उत्तम.

चकती 160, 180 किंवा 203 मिलिमीटरची मिळते. 160 वरून 180 वर गेलं की तेवढ्याच दाबात साधारण 12 टक्के जास्त जोर मिळतो आणि मोठी चकती थंडही लवकर होते. स्वार वजनदार असेल तर पुढच्या चाकाला मोठी चकती घ्यावी, पण फोर्कला ती चालते का हे आधी पाहावं. पॅडमध्ये रेझिनचे शांत असतात आणि थंड असतानाही चांगले धरतात. धातूचे पॅड आवाज करतात, पण पाण्या-चिखलात जास्त टिकतात. सह्याद्रीच्या पावसासाठी मी धातूचेच निवडेन, चकतीवर ‘फक्त रेझिन’ असं कोरलेलं नसेल तर. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन चालण्याच्या गतीपर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा करावं. त्याशिवाय पॅड नीट धरत नाहीत.

पॅडचा शत्रू तेल आहे. चेनवर स्प्रे मारताना चार थेंब चकतीवर उडाले आणि माझे जवळजवळ नवे पॅड वाया गेले. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चालली, पण पॅडमध्ये मुरलेलं तेल निघालं नाही. तेव्हापासून चेनला तेल ठिपक्या-ठिपक्याने घालतो आणि चकतीला बोट लावत नाही. चाक काढलं असताना लिव्हर दाबू नये, पॅड एकमेकांकडे येऊन अडकतात. पॅडवरचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलावा. शिमानोची नवी चकती 1.8 मिलिमीटर जाड असते, ती दीडवर आली की तीही.

गडावर पिठलं-भाकरी झाली की सायकलीवर बसण्याआधी मी दोन्ही लिव्हर घट्ट दाबून दहापर्यंत मोजतो. लिव्हर जागेवर राहिली तर निघतो, आणि उतरताना ब्रेक सतत घासत न ठेवता वळणाआधी जोरात लावून पुन्हा सोडतो, म्हणजे चकतीला वारा लागतो. मोजता मोजता लिव्हर हळूहळू हँडलकडे सरकू लागली, तर कुठेतरी गळती आहे. मग मी सायकल चढवायला टेम्पो शोधतो.